डायनर पुन्हा उघडलंय, आणि फ्राइज खरंच बटाटे चिरून केलेल्या आहेत

मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकरा ते साडेबारा. या डायनरला, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या साध्या खाणावळीला, पहिल्यांदा जायचं असेल तर हीच वेळ धरा. शनिवारी दुपारी दीड वाजता इथे जे ताट समोर येतं ते वाईट नसतं, पण तो या स्वयंपाकघराचा खरा हात नसतो. हा फरक का पडतो ते एकदा कळलं की इथे काय मागवायचं, काय सोडायचं आणि कधी जायचं हे आपोआप ठरतं.

न्यू जर्सीच्या उत्तर भागातल्या एका जुन्या वस्तीत, कोपऱ्यावर उभं असलेलं हे डायनर काही वर्षं कुलूपबंद होतं. आजी-आजोबांनी चालवलेला धंदा आता नातीने हाती घेतलाय. तवा तिच्याकडे, बेकिंग आणि शेक तिच्या नवऱ्याकडे, काउंटर आणि हिशेब धाकट्या भावाकडे. जोडीला चार-पाच माणसं. डबा, म्हणजे रेल्वेच्या डब्यासारखी डायनरची तयार इमारत, मूळचाच ठेवलाय, आणि ते बरं केलं. या राज्यातली जुनी डायनर्स जागेवर बांधलेली नसत. एलिझाबेथमधली जेरी ओमाहोनी कंपनी, पॅटरसनमध्ये ‘सिल्क सिटी’ डायनर्स बनवणारी पॅटरसन व्हेइकल कंपनी, अशा कारखान्यांत ती तयार होत आणि रस्त्याने आणून पायावर बसवली जात. सिल्क सिटीच्या डब्यात एक छोटी धातूची पाटी असते. तिच्यावरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे त्या वर्षातल्या कितव्या डब्याचे. ५११३ असेल तर १९५१ सालचा तेरावा डबा. इथली पाटी आतल्या दाराच्या वर आहे, पुसून लख्ख ठेवलेली. जाताना नक्की वाचा.

डब्याचा विषय काढला तो नुसत्या कौतुकासाठी नाही. अशा डब्यात तवा काउंटरच्या लगेच मागे असतो आणि त्याच्यासमोर फार तर दोन माणसं उभी राहू शकतात. म्हणजे कितीही गर्दी झाली तरी तव्यावरचे हात चारच. फ्रोझन माल वापरणाऱ्या ठिकाणी हे चालून जातं, कारण तिथे काम फक्त गरम करण्याचं असतं. इथे सगळं मुळापासून करतात. त्यामुळे पहाटे केलेली तयारी जिथपर्यंत पुरते तिथपर्यंत पदार्थ उत्तम. ती संपली की ओढाताण सुरू होते.

मेनू आता एकच पान आहे. जर्सीतल्या डायनरचा मेनू म्हणजे पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक, त्यात ऑम्लेटपासून लॉबस्टरपर्यंत सगळं, अशी इथली जुनी रीत. इतका मेनू सांभाळायला मोठा फ्रीझर लागतो आणि त्या फ्रीझरमुळेच चव जाते. या तिघांनी पदार्थ एकोणिसावर आणले, हा त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय. पानाच्या तळाशी बाहेरून काय आणतात तेही छापलंय: अमेरिकन चीज, केचप, पोर्क रोल (डुकराच्या मांसाचा, चकत्या करून भाजायचा), आइस्क्रीमचं मिक्स, सोडा. बाकी सगळं इथलं. ‘होममेड’ लिहून डबे उघडणारी ठिकाणं पाहिलेल्यांना या एका ओळीची किंमत कळेल.

बर्गरपासून सुरुवात करू, कारण लोक त्यासाठीच येतात. दुहेरी पॅटीचा बर्गर ९.५० डॉलर. प्रत्येक पॅटी २ औंसांची, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. गोमांस खांद्याकडचं, म्हणजे चक, आणि त्यात थोडं छातीकडचं, म्हणजे ब्रिस्केट. चरबी वीस टक्के. रोज सकाळी दळतात. दळण्याआधी मांसाचे तुकडे पसरून कडक होईपर्यंत गार करतात, आणि यंत्राची पाती व जाळीही फ्रीझरमध्ये ठेवतात. हे केलं नाही तर दळताना चरबी वितळून लगदा होतो, खिमा चिकट दिसतो आणि तव्यावर सगळी चरबी सुटून पॅटी कोरडी, भुसभुशीत उरते. इथला खिमा हाताने घट्ट दाबत नाहीत, जेमतेम धरेल असा सैल गोळा करतात. मीठ गोळा तव्यावर पडल्यावरच, वरून. खिम्यात आधीच मीठ कालवलं तर त्यातली प्रथिनं विरघळून एकमेकांना घट्ट धरतात आणि बर्गर सॉसेजसारखा रबरी लागतो. बऱ्याच चांगल्या ठिकाणी नेमकी हीच चूक होते.

तवा जाड पोलादाचा, दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेला. गोळा पडला की पहिल्या अर्ध्या मिनिटातच दाबून सपाट करतात, पुन्हा हात लावत नाहीत. सुरुवातीला चरबी घट्ट असते, म्हणून तेव्हा दाबलं तर रस जात नाही. दोन मिनिटांनी दाबलं तर वितळलेली चरबी आणि रस दोन्ही तव्यावर वाहून जातात. आणखी एक गोष्ट काउंटरवर बसून बघण्यासारखी. उलथण्यासाठी तव्यावरची नात साधं उलथनं वापरत नाही. रंगारी भिंत खरवडायला वापरतात तशी धारदार, रुंद पट्टी तव्याला जवळजवळ आडवी धरून एका झटक्यात पॅटी सोडवते. तपकिरी कवच पॅटीला चिकटून राहायला हवं. बोथट उलथन्याने ते तव्यावरच राहतं, आणि बर्गरची निम्मी चव त्या कवचात असते.

कांदा कागदासारखा पातळ, गोळ्यावर ठेवून खिम्यातच दाबलेला, आणि वर बन वाफेला ठेवलेला. ही शैली या भागातल्यांना ओळखीची आहे. हॅकेनसॅकमधलं १९४६ चं व्हाइट मॅना हे डायनर अशाच छोट्या बर्गरसाठी नावाजलेलं आहे. इथे एक बदल केलाय: बनचा वरचा भाग वाफेवर, खालचा भाग लोणी लावून तव्यावर भाजलेला. खालच्या भागाचं भाजलेलं पृष्ठ रस अडवतं, त्यामुळे शेवटच्या घासापर्यंत बन हातात टिकतो. बन बटाट्याचा, इथेच केलेला. पिठाचा थोडा भाग पाण्यात शिजवून खळीसारखा करतात आणि तो मळताना घालतात. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो म्हणून बन दिवसभर मऊ राहतो. दुपारी दोननंतर मात्र कडा कोरड्या जाणवतात. सकाळी एकदाच भाजतात, दुसरा घाणा काढत नाहीत. आठवड्याच्या शेवटी तरी काढायला हवा.

चीजबद्दल थोडं. हाताने करणाऱ्या ठिकाणी पॅकेटमधलं अमेरिकन चीज का, असं विचारणारे असतात. उत्तर रसायनाचं आहे. त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात, ते चरबी आणि पाणी वेगळं होऊ देत नाहीत, म्हणून ते एकसंध वितळतं. मुरलेलं चेडर तव्यावर ठेवलं तर तेल सुटतं आणि खाली चिवट गोळा उरतो. बर्गरवर अमेरिकन चीजच योग्य, आणि इथे ते दोन पॅटींच्या मधोमध ठेवतात, तेही बरोबर.

आता फ्राइज. डायनर खरं की देखाव्याचं हे फ्राइजवरून कळतं, कारण फ्रोझन फ्राइज विकण्यात इतकी सोय आहे की बहुतेक जण तिथेच हार मानतात. इथे रसेट जातीचा बटाटा, सालासकट, साधारण बोटाच्या अर्ध्या जाडीने चिरलेला. चिरल्यावर पाणी नितळ दिसेपर्यंत धुतात, मग गार पाण्यात ठेवतात. वरचा सुटा स्टार्च धुतला गेला नाही तर काड्या एकमेकींना चिकटतात आणि आत शिजायच्या आधी बाहेरून करपतात. मग पहिलं तळण १६० अंशांवर, पाचेक मिनिटं, रंग येऊ न देता. बाहेर काढून पसरून पूर्ण गार करतात. ऑर्डर आली की दुसरं तळण १९० अंशांवर, दोन ते तीन मिनिटं. पहिल्या तळणात बटाटा शिजतो, गार होताना पृष्ठावरचं पाणी उडतं आणि स्टार्च घट्ट होतो. दुसऱ्या तळणात त्याचंच कुरकुरीत कवच बनतं. एका तळणात दोन्ही साधत नाही.

मंगळवारच्या फ्राइज पाहा: फिकट सोनेरी, टोकाला थोड्या गडद, मोडल्यावर आत भाजलेल्या बटाट्यासारख्या पिठूळ. दहा मिनिटं ताटात राहिल्या तरी उभ्या. शनिवारी दीडच्या सुमाराला याच फ्राइज वाकतात. कारण साधं आहे. पहिलं तळण करून ठेवलेल्या फ्राइज एकपर्यंत संपतात. मग नव्या घाण्याला गार व्हायला वेळ मिळत नाही, ओलसर असतानाच दुसऱ्यांदा तेलात जातात. त्यात टोपली काठोकाठ भरतात. एवढा ओला बटाटा एकदम पडला की तेलाचं तापमान धाडकन खाली येतं, वाफ जोरात बाहेर पडत नाही आणि तेल आत शिरतं. टोपली अर्धीच भरावी हा नियम त्यांना माहीत आहे, गर्दीत पाळला जात नाही. उपाय अवघड नाही. शुक्रवारी रात्री पहिलं तळण जास्त करून फ्रिजमध्ये उघडं पसरून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी फ्राइज उलट आणखी चांगल्या होतात. चिरलेला कच्चा बटाटा रात्रभर नुसत्या हवेत ठेवला तर काळा पडतो, पण एकदा तळलेल्याला तो धोका नाही.

आणखी एक दोष अधूनमधून दिसतो: फ्राइज नेहमीपेक्षा गडद तपकिरी आणि किंचित कडवट. हा तेलाचा दोष नसतो, बटाट्याचा असतो. बटाटा सात अंशांच्या खाली साठवला की त्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते, आणि ही साखर तेलात फार लवकर करपते. पुरवठादाराने थंड गोदामातून पोतं पाठवलं की असं होतं. अशी पोती आठवडाभर साध्या तापमानाला, अंधारात ठेवली तर बरीचशी साखर परत उतरते. तुमच्या ताटात अशा फ्राइज आल्या तर नि:संकोच सांगा. इथे वाद न घालता बदलून देतात.

तेल रोज रात्री गाळतात, आणि ते चवीत कळतं. फ्राइजवर मीठ फ्रायरवर धरून टाकत नाहीत, वेगळ्या पातेल्यात उलटून टाकतात. मीठ आणि चुरा तेलात पडत राहिला की तेल लवकर बिघडतं, काळं पडतं, फेसाळतं आणि त्याला माशासारखा वास येऊ लागतो. बाहेरचं जेवण घशाशी येतं म्हणतो त्यामागे बहुतेक वेळा हेच तेल असतं.

फ्राइजवर मोझरेला आणि तपकिरी ग्रेव्ही घातली की त्या डिस्को फ्राइज, जर्सीतल्या डायनरचा रात्रीचा पदार्थ. इथली ग्रेव्ही उत्तम आहे. भाजलेल्या हाडांचा रस तासन्तास उकळून, गाळून, लोणी आणि मैदा तांबूस होईपर्यंत भाजून त्यात मिळवलेला. मैदा जितका जास्त भाजाल तितका सुगंध वाढतो आणि दाटपणा आणण्याची ताकद कमी होते, म्हणून गडद ग्रेव्हीला मैदा जास्त लागतो. इथे ते प्रमाण जमलंय: चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहतो, गुठळी नाही, कच्च्या पिठाची चव नाही. पण ग्रेव्ही वरून ओतून आणली तर पाच-सहा मिनिटांत खालचा थर लापशीसारखा होतो. ग्रेव्ही वेगळ्या वाटीत मागा. चीज फ्राइजवर घालून वरून आच देणाऱ्या जाळीखाली वितळवून देतात आणि ग्रेव्ही आपण लागेल तशी घालायची. किंमत तीच, ८ डॉलर.

सकाळी गेलात तर पोर्क रोल, अंडं आणि चीजचं सँडविच घ्या. राज्याच्या उत्तरेत याला टेलर हॅम म्हणतात, दक्षिणेत पोर्क रोल, आणि यावर लोक तावातावाने भांडतात. ट्रेंटनच्या जॉन टेलर यांनी १८५६ मध्ये हे मांस बनवलं. १९०६ च्या अन्न कायद्यानंतर त्याला हॅम म्हणता येईना, म्हणून पोर्क रोल हे नाव आलं. इथे हे बाहेरून येतं आणि यावंच. चकतीच्या कडेला चार ठिकाणी काप देतात, नाहीतर तापल्यावर ती वाटीसारखी फुगते आणि मधला भाग तव्याला टेकतच नाही. अंडं मऊ हवं असेल तर आधी सांगा, न सांगितल्यास पिवळं पूर्ण शिजवतात. सँडविचचा गोल पाव, म्हणजे कैसर रोल, इथेच भाजलेला, वरून खुसखुशीत.

चिकन टेंडर्स चांगले, पण बर्गरच्या तोडीचे नाहीत. ताकात मीठ घालून रात्रभर भिजवलेले असतात, आतून रसाळ. अडचण वरच्या आवरणाची. पिठात घोळवल्यावर दहा-पंधरा मिनिटं जाळीवर ठेवले तर पीठ ओलं होऊन चिकटतं. घाईत लगेच तेलात सोडतात, मग पहिल्या घासाला अख्खं कवच सुटून हातात येतं. आमच्या मते हा पदार्थ सध्या तिसऱ्या क्रमांकाचा, आणि तो सुधारायला फक्त एक जाळी आणि थोडा धीर हवा.

आता आपल्या लोकांना लागणारी माहिती, कारण अनेक घरांतून गोमांस चालत नाही आणि अनेक घरं पूर्ण शाकाहारी आहेत. फ्राइजचा फ्रायर वेगळा आहे. त्यात चिकन जात नाही आणि तेल वनस्पतीजन्य आहे, प्राण्यांची चरबी नाही. हे विचारूनच खात्री करावी असं आहे, कारण अलीकडे बऱ्याच ठिकाणी फ्राइज पुन्हा गाईच्या चरबीत तळू लागलेत आणि चवीवरून चटकन ओळखता येत नाही. ओनियन रिंग्ज त्याच फ्रायरमध्ये. पीठ मैदा, कॉर्नस्टार्च आणि गार सोड्याचं, अंडं नाही. कांद्याच्या प्रत्येक कड्याच्या आतला पातळ पापुद्रा सोलतात. तो राहिला तर चावल्यावर कांदा अख्खा बाहेर ओढला जातो आणि पोकळ कवच हातात उरतं. एवढी मेहनत घेणारी ठिकाणं फार थोडी. रिंग्ज जरूर घ्या.

डिस्को फ्राइजची ग्रेव्ही शाकाहारी नाही. टोमॅटो सूपही कोंबडीच्या रसात आहे, मेनूवर तसं लिहिलेलं नाही, लिहायला हवं. पॅनकेकमध्ये अंडं आहे. बनवर अंड्याचा हात फिरवलेला असतो, चालत नसेल तर साधा पाव मागा. आणि नावावरून दचकू नका: एग क्रीम या पेयात ना अंडं, ना क्रीम. दूध, चॉकलेट सिरप आणि जोरदार फसफसणारा सोडा, एवढंच. सिरप इथे कोकोपासून घरी करतात. हे पेय या पानावरचं सगळ्यात कमी भाव खाल्लेलं, आणि ४ डॉलरमध्ये सर्वांत समाधानाचं.

व्हेज बर्गर हा इथला कच्चा दुवा. काळे घेवडे, मशरूम, ओट्स. चव बरी, पण पोत गिळगिळीत, आणि दुसऱ्या घासाला पॅटी बनच्या मागून बाहेर सरकते. घेवडे शिजवून तसेच कुस्करतात, त्यातलं पाणी पॅटीत राहतं आणि तव्यावर वाफ होऊन ती आतून ओलसर पडते. शिजलेले घेवडे ओव्हनमध्ये मंद आचेवर सालं तडकेपर्यंत वाळवले, मशरूमचं पाणी आधीच आटवलं, तर हाच बर्गर घट्ट बसेल. शिवाय बांधणीसाठी अंडं आहे आणि पॅटी गोमांसाच्याच तव्यावर भाजतात. सांगितलं तर वेगळ्या पॅनमध्ये करून देतात, गर्दी असली तरी. पण ते सांगावं लागू नये. तव्याच्या डाव्या टोकाला एक हात रुंद जागा राखून ठेवता येईल, तिथे सध्या फक्त कांद्याचं भांडं असतं.

शाकाहारी माणसाने इथे व्हेज बर्गरपेक्षा ग्रिल्ड चीज घ्यावं. पाव घरचा, बाहेरून लोणी, मंद तव्यावर सात-आठ मिनिटं, वर वजन ठेवून. तेज आचेवर पाव करपतो आणि चीज थंड राहतं. इथे ती घाई करत नाहीत. हे मात्र सांगून वेगळ्या पॅनमध्ये करून घ्या. सोबत ओनियन रिंग्ज आणि कोलस्लॉ, म्हणजे कोबीचं सॅलड.

कोलस्लॉ आणि काकडीचं लोणचं बसल्याबरोबर टेबलावर येतं, पैसे न घेता, ही इथल्या डायनर्सची जुनी पद्धत त्यांनी टिकवली. कोबी चिरून मीठ लावून तासभर निथळतात, मग ड्रेसिंग. म्हणून बशीच्या तळाला पाणी साचत नाही. काकड्या मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या, व्हिनेगरच्या नाहीत. आठवड्यातल्या कच्च्या, हिरव्यागार आणि जास्त मुरलेल्या अशा दोन्ही असतात. मुरलेल्या मागा, आपल्या जिभेला त्या जवळच्या वाटतील.

मिल्कशेक ७ डॉलर. आइस्क्रीम तयार मिक्सपासून इथेच फिरवतात. व्हॅनिला आणि कॉफी उत्तम, स्ट्रॉबेरी साधारण. शेकमध्ये सगळा खेळ तापमानाचा. साठवणीच्या उणे अठरा अंशांवरून थेट काढलेलं आइस्क्रीम यंत्राला इतकं कडक पडतं की जास्त दूध घालावं लागतं आणि शेक पातळ होतो. इथे एक छोटा कप्पा उणे बारा-तेराला ठेवलाय. तीन मोठे गोळे, साधारण शंभर मिलिलीटर दूध, यंत्राखाली पाऊण मिनिट, बस. स्ट्रॉ उभी राहते आणि तरी ओढता येतं. धातूच्या पेल्यात उरलेला शेक शेजारी ठेवतात. दोघांना एक पुरतो. स्ट्रॉबेरीची तक्रार अशी की फळ कच्चंच घालतात. त्यातल्या पाण्याचे बर्फाचे कण होतात आणि दाताखाली येतात. साखरेत शिजवून गार करून घातलं तर हा प्रश्न मिटतो.

कॉफी साधी, गरम, ताजी. तापत्या चकतीवर काचेचं भांडं तासभर ठेवण्याऐवजी थर्मासमध्ये ठेवतात, त्यामुळे कडवट होत नाही. पेला पुन्हा पुन्हा भरून देतात. पॅनकेक ठीक.

काउंटरला अकरा स्टुलं, आणि सहा बूथ, म्हणजे समोरासमोर बाकं असलेली टेबलं. आरक्षण नाही. चौघांहून जास्त असाल तर एकत्र बसता येणार नाही, हे आधीच धरून चला. काउंटरची तव्यासमोरची तीन स्टुलं सर्वांत चांगली. तिथे कपड्यांना कांद्याचा वास लागतो, त्याची तयारी ठेवा. लहान मुलांची उंच खुर्ची एकच आहे. चाकाच्या खुर्चीसाठी मागच्या बाजूने उतरती वाट केली आहे, पण बूथच्या मधली जागा अरुंद. समोरून विचारलंत तर ते स्वतः टेबल सरकवून देतात. आरोग्य तपासणीची ‘सॅटिसफॅक्टरी’ पाटी दारातच दिसेल अशी लावलेली आहे, ती नियमाने लावावीच लागते. न्यू जर्सीत कुठेही खायला बसण्याआधी ती बघायची सवय ठेवा.

वेळ सकाळी सात ते दुपारी तीन, सोमवारी बंद. रात्रभर उघडं असणारं डायनर हवं असणाऱ्यांची यावर नाराजी आहे. पण बन पहाटे चारला भाजायला लागतात आणि मांस पाचला दळलं जातं. तीन माणसांच्या घराला रात्रपाळी परवडणार नाही, आणि परवडवायची म्हटलं तर आधी फ्रीझर परत येईल. त्यापेक्षा तीनला बंद झालेलं बरं. पार्सल देतात, पण फ्राइज पार्सल घेऊ नका. बंद डब्यात त्या स्वतःच्याच वाफेत भिजतात. घ्यायच्याच असतील तर डब्याचं झाकण उघडं ठेवायला सांगा आणि घरी ओव्हनमध्ये २२० अंशांवर चार-पाच मिनिटं पसरून गरम करा. मायक्रोवेव्ह नको.

बिलावर राज्याचा विक्रीकर ६.६२५ टक्के लागतो, टीप वेगळी. टेबलावर येऊन वाढतात, तेव्हा अठरा ते वीस टक्के द्यायला हवी. काउंटरवर बसलात तरीही, कारण कॉफी भरणारा हात तोच. कार्ड चालतं.

दोघं जाणार असाल आणि गोमांस चालत असेल तर एक दुहेरी बर्गर, एक पोर्क रोल सँडविच, मधे एक कॉफी शेक. एक जण शाकाहारी असेल तर बर्गरच्या जोडीला ग्रिल्ड चीज, ओनियन रिंग्ज आणि एग क्रीम. कर आणि टीप धरून माणशी अठरा ते बावीस डॉलर होतात. फ्राइज दोघांत एकच घ्या, आणि बर्गर अर्धा खाऊन झाल्यावर मागवा. फ्रायरमधून ताटात यायला तीन मिनिटं लागतात, तेवढं थांबा.